कमानीचं पाणी

धोंडाबाईनं पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली आणि गाडीच्या कमानीचा तुटका पाटा भिमाजीआबा लोहारांच्या ऐरणीवर ठेवला.

"आबा, पोलिसांनी गाडी सोडली. त्यातला ह्यो. बगा आन् खरं काय त्ये सांगा."

तिच्या सत्यमचा दहावा होऊन चार दिवस झाले होते. आंदर मावळातून दुधाचे कॅन भरून तो वडगावला निघाला होता. उतारावर पिकअप कलंडली आणि एकुलता एक पोरगा जागच्या जागी गेला. तेव्हापासून लोकांच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. पोरगा पिऊन होता म्हणे. भावकीसुद्धा हेच बोलली, तेही दहाव्याच्या पंगतीत, तिचंच अन्न खाता खाता. मेलेल्यानं उलटं बोलावं तरी कसं?

"दोन वर्सांमागं माज्या डोक्यावर हात ठिवून दारू सोडली व्हती त्यानं," धोंडाबाई म्हणाली. "कमान आदी तुटली, का गाडी पडल्यावर तुटली, येवढंच सांगा. लोकंडातलं तुमच्याइतकं कुनाला कळतंय?"

कळत होतं, हेच तर वाईट. आबांनी तुकडा उजेडात धरला. जुनी चीर असती तर कडेला गंज दिसला असता. ओझ्यानं थकलेला पाटा आधी बसतो, वाकतो, मग हार खातो. हा कुठंच वाकला नव्हता. आडवा, फटकन मोडलेला, आणि मोडलेल्या तोंडावर साखरेसारखे पांढरे कण, नुसत्या कडक पोलादाची खूण.

हा पाटा त्यांच्याच हातचा. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं पहिलं काम, आणि शेवटचंही. आताशा लोक तयारच पाटे घालतात. सत्यमनं त्यांना शिबिरातून गाडीत घालून घरी आणलं होतं, म्हणून त्याचं काम हौसेनं केलेलं.

लालभडक पाटा तेलात बुडवला की कडक होतो, पण नुसताच कडक. दणका बसला की मोडणार. त्याला पुन्हा मंद आचेवर धरायचा, अंगावर निळा रंग चढेपर्यंत. मग पोलादात लव येते; वाकतं आणि परत जागेवर येतं. पोलादाला पाणी पाजणं म्हणतात ते हेच. चाळीस वर्षं आबांचा हात या निळ्यावर चालला. त्यातली शेवटची दहा मोतीबिंदूच्या पिवळट पडद्याआडून. त्या पडद्यातून निळा दिसेपर्यंत पाटा पुरता तापलेला असायचा. त्या दिवशी मात्र, नव्या डोळ्यांना, काय तो निळा! आणि किती लवकर! आबा हरखले. "बग रं, मोराच्या गळ्यावानी," म्हणून त्यांनी सत्यमला हाक मारून दाखवलं आणि पाटा बाहेर काढला.

निळा चढलाच नव्हता; पाटा नुसताच कडक राहिला होता. ऑपरेशनपासून त्यांना सगळंच जरा निळं दिसत होतं. स्वतःचं पांढरं धोतर नीळ घातल्यागत दिसायचं, आणि या शहाण्याला त्याचं कौतुक वाटायचं!

गप्प बसता आलं असतं. कॅन जास्त भरले होते म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ती माय तोंडाकडे बघत बसली होती.

"धोंडाबाई, कमानच आदी तुटली," आबा म्हणाले. "आन् ती माज्यामुळं तुटली. माजं पानी चुकलं. पोराचा काय बी दोष न्हाई. मी मारलाय त्याला."

धोंडाबाई उठली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"नका, आबा. तुमच्या हातची कमान तुटल्याली कुनी कदी ऐकलीय का? माज्या पोरासाठी ह्ये पाप तुमी अंगावर घेताय. देवमानूस तुमी."

"आगं, खरं सांगतोय! डोळ्यानं फशिवलं मला. चल गावात, चारचौगांत सांगतो."

"नगं. कळलं मला."

तिनं पाटा पुन्हा फडक्यात बांधला. दारापाशी चौकट धरून ती उभी राहिली.

"तुमच्यासारक्यावर खोटं बोलायची पाळी आली," ती म्हणाली. "म्हंजे प्यालाच व्हता त्यो."