वाटीभर ऊब

दही आजही लागलं नाही. ऋजुताने वाटी हलवली, तर दूध नुसतंच डचमळलं.

चंद्रावरच्या त्या तळावर दही लावायला उबदार जागा एकच होती. अणुभट्टीची नको असलेली उष्णता बाहेरच्या रेडिएटरकडे नेणारी नळी स्वयंपाकघराच्या भिंतीतून जायची. ती जागा तिच्या तळावरच्या एकुलत्या सोबत्याने, जयवंतने हुडकली होती, विरजणही त्यानेच घरून आणलेलं. तो वारला, तेव्हा ऋजुताने एकटीने त्याला बाहेरच्या धुळीत पुरलं.

तिने भिंतीला हात लावला. गार.

"भट्टी मंद केलीत का?" तिने पृथ्वीवर विचारलं.

"हो मॅडम," तिथला इंजिनिअर पेंढारकर म्हणाला. "आता तुम्ही एकट्याच ना. एका माणसाला एवढी पुरते."

"अहो, सगळी ऊब आभाळात तर फेकता! वाटीभर इकडे राहिली असती तर काय बिघडलं असतं?"



विरजणाचा शेवटचा चमचा उरला होता. तिने तो कोमट दुधात मिसळला आणि झाकलेली वाटी स्वेटरच्या आत, पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली. तशीच तिला झोप लागली.

जाग आल्यावर तिने झाकण उघडलं.

"लागलं रे," ती भिंतीकडे बघून म्हणाली, आणि उत्तराची वाट पाहत बसून राहिली.