तिच्या आवडीचं

"ह्या कॅसेटी काकूंच्याच आवडीच्या ना, काका?" सिस्टरने सलाईनचा वेग कमी करता करता विचारलं.

"म्हणजे काय! चाळीस वर्षं ऐकतेय," कॅसेटकाका म्हणाले.

पलंगाशेजारच्या स्टुलावर प्लेअर होता आणि चार कॅसेटी. काकांची बायको नऊ दिवस डोळे मिटून पडली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आवडीचं काही कानांवर पडू द्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा काकांना वाटलं, हे तर आपल्याला जमेल. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, पण ओळख झाली ती कॅसेटींमुळे. दर रविवारी चार मित्र घरी जमायचे. काका एकेक अल्बम लावायचे आणि तो का ऐकायचा ते समजावून सांगायचे.

आता ते सिस्टरला सांगत होते. "ह्याच्यात तिसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज एकदाच फाटतो, बघा. त्यांनी तो तसाच ठेवलाय. म्हणून ऐकायचा. आणि हा बासरीचा. सुरांकडे लक्ष नाही द्यायचं, मधल्या श्वासांकडे द्यायचं."

चारही कॅसेटी वाजून संपल्या. बायकोची पापणीही हलली नाही.

दुपारी धाकटी मेहुणी आली. बहिणीच्या केसांतला गुंता सोडवत तिने स्टुलावर नजर टाकली.

"ताईला ह्या आवडायच्या?"

"रविवारी ऐकायची की आमच्याबरोबर."

"रविवारी ती चहा करायची, भावोजी."

काकांनी स्टुलावरच्या कॅसेटी एकावर एक रचल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग तिला काय आवडायचं?"

"तिची एक कॅसेट होती. पहिल्या पगारातून घेतलेली. कोणीतरी बाई गायची, नाव नाही आता आठवत. मला बळंच समोर बसवायची आणि एकेक गाणं ऐकवायची. इथे कान दे, इथे बघ कशी हलकेच उतरते, म्हणायची. अगदी तुमच्यासारखं."

"कुठे आहे ती?"

मेहुणीचा कंगवा थांबला. "खरंच आठवत नाही तुम्हाला?"

काकांना आठवत नव्हतं.

"लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रेडिओवर कुणाचंतरी व्हायोलिन लागणार होतं आणि तुमच्याकडे कोरी कॅसेट नव्हती. तुम्ही तिच्या कॅसेटवर भरून घेतलंत. मीच चिडले होते. ती म्हणाली, असू दे गं, त्यांनी चांगलंच काहीतरी भरलंय."

काका तसेच उठले आणि घरी आले. कपाटात सगळं क्रमवार लावलेलं होतं. चौदावी कॅसेट. तिच्यावर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं : 'व्हायोलिन. उत्तरार्ध अप्रतिम. जरूर ऐकावे.' त्यांनी नखाने ते लेबल सोललं. खालचा मूळचा छापील कागदही त्याच्याबरोबर निघून आला.

त्यांनी कॅसेट लावली आणि उभ्यानेच ऐकत राहिले. पहिली बाजू काठोकाठ व्हायोलिनने भरलेली होती. त्यांनी ती उलटली. दुसरीवरही व्हायोलिन. पंचवीस मिनिटांनी टाळ्या झाल्या, निवेदक बोलला, मग कुणीतरी तरुण माणूस खोकला. तो खोकला आपलाच, हे कळायला काकांना वेळ लागला. खट्ट असा आवाज झाला आणि एका शब्दाच्या मध्येच एक बाई गायला लागली.

साधा आवाज. साथीला नुसती पेटी. कुठे काही करामत नाही. हे का ऐकायचं, असं कुणी विचारलं असतं तर काकांना एक वाक्य सांगता आलं नसतं. मिनिटभरात गाणं संपलं. पुढे फीत नुसतीच फिरत राहिली.

काकांनी कपाटातल्या बाकीच्या कॅसेटी बाहेर काढल्या. एकेकीचं शेवटचं टोक लावून पाहिलं. अंधार पडेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. तिचं आणखी काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वॉर्डात आले, तेव्हा सिस्टर पलंगाची चादर सारखी करत होती. काकांनी कॅसेट बरोबर त्या बाईच्या गाण्यापाशी आणून ठेवली होती. त्यांनी बटण दाबलं.

बाई गायला लागली. पहिली ओळ संपायच्या आत बायकोच्या गळ्याशी काहीतरी हललं. मग तिची मान कलली. हळूहळू, फार मोठं ओझं सरकवावं तशी, प्लेअरच्या दिशेने वळली. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ थोडे विलग झाले.

"काका!" सिस्टर जवळजवळ ओरडलीच. "अहो, ऐकताहेत त्या! ओळखलं त्यांनी!"

गाणं संपलं. फितीची नुसती खरखर उरली. बायकोचा चेहरा तिकडेच वळलेला राहिला. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. कुणी बोलता बोलता मध्येच गप्प झालं, की पडते तशी.

काकांनी घाईघाईने फीत मागे नेली. ती जरा जास्तच मागे गेली आणि व्हायोलिन वाजलं. त्यांनी ते झटक्यात बंद केलं. पुन्हा थोडी पुढे. पुन्हा ती बाई. पुन्हा एक मिनिट, आणि पुन्हा खरखर.

"एवढंच काय लावताय?" सिस्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. "सुरुवातीपासून लावा ना, काका. सगळी लावा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सुरुवातीपासून माझंच आहे," ते म्हणाले.