धक्काबुक्की

ठाणे अंमलदाराने लिहिलेला कागद पुढे सरकवला आणि शेजारी शाईचं पॅड ठेवलं. "अंगठा उठव आणि नीघ."

गिरजाबाई जागच्या हलल्या नाहीत. पोलीस ठाण्यासमोरच त्यांची खाणावळ होती. आठ वर्षं हाच माणूस मावशी, मावशी करत ताटावर बसायचा. आज मात्र तो ओळखही दाखवत नव्हता. गाळ्याच्या मालकाने दुपारी शटर ओढून घेऊन काय केलं, ते त्यांनी तीनदा सांगितलं होतं. ऐकून तो हसला. "बावन्न वर्षांच्या बाईला कोण हात लावतंय? गाळा खाली करायला सांगितलं असेल, म्हणून हे कुभांड."

त्यांनी कागद उचलून मोठ्याने वाचला. "'गाळ्यावरून बाचाबाची होऊन धक्काबुक्की झाली.'" शेजारच्या टेबलावर टाइप करणाऱ्या महिला शिपायाची बोटं थांबली. बाईंना वाचता येतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"हे मी सांगितलेलं नाही," गिरजाबाई म्हणाल्या. टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी 'धक्काबुक्की' खोडलं, वर 'बलात्कार' लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर स्वच्छ आलं.

अंमलदाराने कागद टराटरा फाडला. "सरकारी कागदावर खाडाखोड करतेस? तुलाच आत टाकीन."

"टाका," गिरजाबाई म्हणाल्या. "पण आधी कोरा कागद द्या. सगळं मीच लिहिते."