गाठ ओळखणारी कोंबडी

तपासणीची कोंबडी भिकोबाच्या मांडीवर जाऊन बसली, तशी त्याच्या बायकोला, तानूबाईला, शंका आली. कोंबड्यांना गाठी आणणारा विषाणू माणसाळवून प्रयोगशाळेनं ही जात काढली होती. पोटात गाठ असेल त्याच्याच मांडीवर ती बसायची. मग त्या माणसाला शहरातल्या दवाखान्यात भरती, आयतं जेवण.

“कांदा काढणीला आला की बरी गाठ येते तुम्हाला! खिसा दाखवा.”

खिशातून मूठभर ज्वारी सांडली. कोंबडी घेऊन आलेल्या नर्सबाईसुद्धा पोट धरून हसल्या.

कोंबडीनं दोन दाणे टिपले, बाकीचे तसेच सोडले आणि ती तानूबाईच्या मांडीवर चढून बसली.

हसू थांबलं. भिकोबानं सांडलेली ज्वारी ओंजळीत गोळा केली.

“इकडं ये गं बाई,” तो कोंबडीला म्हणाला, “माझ्याकडं ये.”