दहावा

आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं, त्याची प्रार्थना होती. आजोबांसाठी ती आपणच म्हणायची म्हणून नात अख्खा उन्हाळा परदेशात राहून हिब्रू आणि आमचे यहुदी ग्रंथ शिकून आली. तिथं म्हणे दोघीदोघींना समोरासमोर बसवून एकेका ओळीवर भांडायला लावतात. मी म्हटलं, एवढ्यासाठी विमानात कशाला बसलीस, मी होते की घरात!

प्रार्थनाघरात कारभाऱ्यांनी डोकी मोजली. दहा पुरुष जमल्याशिवाय ही प्रार्थना होत नाही. दहावा माझा मुलगा. पुस्तक त्याच्याच हातात दिलं. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येईल तर शपथ! मागून नातीनं सुरुवात करून दिली.

"मुलींनी मध्ये बोलायचं नाही," कारभारी गुरकावले.

"कुठं लिहिलंय? दाखवा ना काका, वाचते मी."

"एका उन्हाळ्यात आम्हाला शिकवायला निघाली! तुला मोजत नाही आम्ही, कळलं?"

माझं डोकंच सणकलं. मुलाची बाही धरली. "चल रे घरी."

"अहो काकू, हा गेला तर आम्ही नऊच उरतो! काकांचीच प्रार्थना अडेल."

"वाचणारी चालत नाही, आणि हा मुखस्तंभ चालतो? ठेवा तुमची मोजणी तुमच्यापाशी."

प्रार्थनाघराचा जिना उतरता उतरताच नातीनं प्रार्थना म्हटली, वर ऐकू जाईल अशी खणखणीत. माझ्या मुलाला त्यातला एकच शब्द येतो. "आमेन," तो बापासाठी जीव तोडून ओरडला. वरच्या नऊजणांच्या तोंडूनही सवयीनं निघून गेलं, "आमेन."

मी मोजले. झाले दहा.