फोटो हलता कामा नये

"पळाला मेला परत!" उज्ज्वलानं माउस आपटला.

कामशेतच्या बाजारात तिचं टायपिंगचं दुकान. सकाळपासून हाच तमाशा चालला होता. ठाकरवाडीचा वनहक्काचा दावा, एकशे दहा पानं, सव्वीस कुटुंबं, दर कुटुंबाचा आपापल्या जमिनीवर काढलेला एक फोटो. वर एक ओळ घातली की बहिरूचा फोटो उडी मारून दत्ताच्या नावाखाली जायचा, आणि मागं अर्धं पान कोरं.

वाडीची सावित्राबाई समोर बाकड्यावर कागदांची पिशवी धरून बसली होती.

"ताई, फोटू हलू देऊ नगंस. परवा प्लॉटवाल्यानं जेसीबी घातला. आंबा गेला, बांध गेलं, देवाचं दगड गेलं. ज्यात फोटू काढलं व्हतं त्यो आमच्या लखनचा फोनबी तितंच चिरडला. फोटू आदीच तुज्याकडं दिलं व्हतं म्हनून वाचलं."

"मावशी, बारा वर्षं हेच करतेय मी. एक फोटो हलला तर नाव बदला माझं."

तिनं दर पानावर चौकट आखली आणि फोटो चौकटीत पक्का केला. आता वर कितीही लिहा, जागचा हलत नव्हता. पण फोटोंची एकेक तऱ्हा! कुणी उभा काढलेला, कुणी आडवा. कुणात माणूस कोपऱ्यात, कुणात तर शोधावा लागे. उज्ज्वलाला वाईट वाटलं. एवढी लढणारी माणसं आणि दिसेनातच! तिनं आजूबाजूचं कापून प्रत्येकाला मधोमध घेतलं, एकाच मापात, वरखाली सारखं अंतर सोडून.

तेवढ्यात दुकानात आलेल्या बहिरूभाऊंनी पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि ते खो खो हसले. "आयला, म्या तर पुढाऱ्यावानी दिसतोय की!"

"दिसायलाच पाहिजे," उज्ज्वला म्हणाली.

छापून झाल्यावर तिनं कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो पुसले. गिऱ्हाइकाचं काही मागं ठेवायचं नाही, हा तिचा नेम होता. सावित्राबाईनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सुनावणीला उज्ज्वला दुकान बंद करून गेली. तिला राहवलंच नाही. आज निकाल लागणार होता. दावा फेटाळला तर वाडीला त्या जमिनीवर पाय ठेवता येणार नव्हता.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फाईल उघडली. "वा! इतकं नेटकं काम पाहिलं नव्हतं. कुणी केलं?"

सावित्राबाईनं उज्ज्वलाला पुढं ढकललं. ती लाजली.

साहेब एकेक पान उलटत गेले. शेवटापर्यंत गेले. परत पहिल्या पानावर आले आणि पुन्हा सगळं चाळलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मावशी, सव्वीसच्या सव्वीस चेहरे अगदी स्पष्ट आहेत," ते हळू म्हणाले. "पण यांच्या मागची जमीन कुठाय?"