दुसऱ्या टोकाचा हात

"डॉक्टरनं फिट लिवलंय खरं. पण पेटी काय डॉक्टर उचलत न्हाय." फोरमन गणपतरावांनी दाखल्याची घडी घालून खिशात टाकली. "माझ्यासमोर उचलून दाखीव. मग हजेरी."

शिरोलीच्या त्या फौंड्रीत आकाराम चौदा वर्षं वाळूचे साचे ठासणारा मोल्डर होता. अठ्ठ्याहत्तरच्या शिमग्यात मणक्यातली चकती सरकली आणि तो सात महिने घरी पडून राहिला. कुशीवर वळायलाही बायकोचा हात लागायचा. आता कळ राहिली नाही, असं त्यानं डॉक्टरला सांगितलं होतं. डाव्या पायातली कळ अजून होती.

साच्याची वाळूनं ठासलेली लोखंडी पेटी दोघांनी दोन टोकांना धरून उचलायची. समोर कृष्णात येऊन उभा राहिला. हे सात महिने आकारामच्या जागी बदलीवर तोच होता. आकारामला जमलं नाही, तर कृष्णात कायम होणार होता. खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

आकारामनं त्याच्याकडं पाहिलं नाही. दोन्ही हातांनी कडी धरली, डोळे मिटले.

"हं, उचला!"

पेटी उठली. पाय लटपटला, पण पाठीत यायला हवी होती ती कळ आली नाही. आकारामनं डोळे उघडले. कृष्णातनं आपली कडी सोडून हात पेटीखाली पार आत घातला होता आणि निम्म्याहून जास्त भार स्वतःवर घेतला होता. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. गणपतरावांकडं त्याची पाठ होती.

पंधरा पावलांवर त्यांनी पेटी ठेवली.

"जमतंय की!" गणपतराव म्हणाले. "कृष्णात, मग तू जा आता. गरज लागली तर बोलावतो."

कृष्णात डबा घेऊन बाहेर पडला. फाटकाजवळच्या नळावर तो हात धूत होता, तिथं आकाराम मागून गेला. कृष्णातच्या कोपरापासून मनगटापर्यंत पेटीच्या कडेचा लाल वळ उठला होता.

"का केलंस बाबा असं?"

"करणार नव्हतो." कृष्णातनं सायकलला डबा अडकवला. "घरनं ठरवून आलतो, आपुन आपली कडी धरायची, बास. तुमचा पाय थरथरताना दिसला आणि गेला हात खाली."

"तुझं आता कसं?"

"माझं सोडा, आकारामदा. पेटीच्या दुसऱ्या टोकाला आता खात्यातला रंगा येणार. त्यो आपलीच कडी धरणार." सायकल फाटकाबाहेर काढताना तो थांबला. "त्येचं बी काय चुकत न्हाय म्हना."

"ए आकाराम!" आतून गणपतराव ओरडले. "पेटी भरलीया, ये की!"

आकारामनं नळाच्या खांबाला धरून पाठ सरळ केली. मग डावा पाय ओढत तो आत गेला.